वाचकांचे प्रश्न: प्लाझ्मा स्प्रेचे सिरॅमिक लेप

या अंकात प्लाझ्मा स्प्रेने दिल्या जाणाऱ्या सिरॅमिक लेपांवरची पत्रे घेतली आहेत. या पद्धतीत गनमधला विजेचा आर्क वायूची अतितप्त ज्वाळा करतो आणि तिच्यात वितळलेली पावडर जॉबवर, म्हणजे लेप द्यायच्या भागावर, मारली जाते. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: पंपाच्या स्टील स्लीव्हवर (शाफ्टवर बसणाऱ्या नळीवर) ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) लेप दिला. ग्राइंडिंग करताना एका टोकाकडून त्याचा पापुद्रा सुटला. पावडर चांगल्या प्रतीची आहे, गनही नवीन आहे. पावडर बदलून बघावी का?

पावडर राहू द्या. सुटलेला पापुद्रा उलटा करा आणि दहापट भिंगाखाली त्याची पाठ बघा. पाठ पांढरी असेल आणि स्लीव्हवरही पांढरा थर शिल्लक असेल, तर ॲल्युमिना आतल्या आत फाटला आहे. दोष जाडीचा, उष्णतेचा किंवा अर्धवट वितळलेल्या कणांचा. पाठ पांढरी आणि खाली करडा बॉण्ड कोट (स्टील आणि सिरॅमिक यांच्यामधला धातूचा पकड-थर) जागच्या जागी असेल, तर बॉण्ड कोट आणि ॲल्युमिना यांच्यामध्ये काहीतरी आले आहे, बहुधा धूळ किंवा ओल. आणि पापुद्र्याबरोबर बॉण्ड कोटही निघून खाली उघडे स्टील दिसत असेल, तर चूक ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे दाबाच्या हवेने कणी मारून पृष्ठभाग खडबडीत करण्यात, आहे. टोकाकडून सुटणाऱ्या लेपांत हे तिसरे चित्र सर्वांत जास्त दिसते.

हा लेप वेल्डिंगसारखा धातूत मिसळत नाही. वितळलेला कण सेकंदाला दोन-अडीचशे मीटर वेगाने आदळतो, भिंतीवर मारलेल्या चिखलाच्या गोळ्यासारखा पसरतो आणि काही मायक्रोसेकंदांत गोठतो. अशा एक-दोन मायक्रॉन जाडीच्या चकत्या एकावर एक साचून लेप बनतो. गोठताना चकती आकसते आणि खालच्या खडबडीत टोकांना घट्ट धरते. धरायला टोकेच नसतील तर पकड कसली?

म्हणून ब्लास्टिंगपासूनच सुरुवात करा. आधी तेल-ग्रीस काढा. ओतीव जॉब असेल तर तो तापवून छिद्रांतले तेल बाहेर आणा आणि पुन्हा पुसा, नाहीतर ते तेल प्रीहीटच्या (स्प्रेआधी तापवण्याच्या) वेळी वर येते. पांढरे किंवा तपकिरी ॲल्युमिना ग्रिट (मारायची धारदार कणी), साधारण २४ मेश (आकडा मोठा तितकी कणी बारीक), हवेचा दाब ४ ते ५ बार आणि नोझल जवळजवळ काटकोनात. पातळ भिंतीचा जॉब वाकतो, त्याला ६० मेश आणि कमी दाब ठेवा. पृष्ठभागावर कुठेही चकाकी न राहता एकसारखा मॅट रंग आला की थांबा. जास्त वेळ मारत राहिल्याने खडबडीतपणा वाढत नाही, उलट टोके चेपतात आणि ग्रिटचे तुकडे धातूत रुतून बसतात. आरए मूल्य (सरासरी खडबडीतपणा) ४ ते ६ मायक्रॉन मिळाले तर पुरेसे आहे. ग्रिटची धार गेली असेल तर आरए मूल्य बरोबर दिसूनही पकड येत नाही, कारण टोके गोल झालेली असतात. वापरलेले ग्रिट भिंगाखाली बघण्याची सवय ठेवा. कठीणपणाच्या मापात रॉकवेल सी ४५ च्या वरच्या स्टीलवर ग्रिट नीट चावत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या कागदावर मिनिटभर सोडून बघा. कागदावर डाग पडला तर फिल्टर आधी बदला. ब्लास्ट केलेल्या भागाला उघडा हात लावू नका आणि दोन तासांच्या आत स्प्रे सुरू करा, दमट हवेत त्याहून लवकर. पावडर बंद ठेवून गननेच जॉब १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. ओल उडून जाते, शिवाय गरम पृष्ठभागावर थेंब शिंतोडे न उडवता नीट गोल चकतीसारखा बसतो.

बॉण्ड कोट निकेल-ॲल्युमिनियमचा, ९५-५ प्रमाणात, ७५ ते १२५ मायक्रॉन. त्यावर वायर ब्रश मारायचा नाही, त्याचा खडबडीतपणाच वरच्या सिरॅमिकला धरतो. त्यानंतर ॲल्युमिना लगेच सुरू करा. जेवणाच्या सुट्टीनंतर दिलेला वरचा थर सुटला तर नवल नाही.

आता टोकाबद्दल. लेपातला ताण टोकाशी एकवटतो. लेप चौकोनी कडेवर संपवू नका, कडेला निदान अर्धा मिलिमीटर गोलाई द्या. स्लीव्हवर खाच घेऊन लेप भरत असाल तर खाचेच्या टोकांना ३० ते ४५ अंशांचा उतार हवा. सरळ उभ्या भिंतीच्या कोपऱ्यात कण तिरके बसतात आणि तिथे पोकळी राहते. लेपात साठलेली ताणाची ऊर्जा जाडीबरोबर वाढत जाते, म्हणून घासून उरलेला ॲल्युमिना ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावा. ०.५ च्या पुढे प्रत्येक वाढीव थर सुटण्याचा धोका वाढवतो. झीज होते म्हणून जाड लेप द्या असा आग्रह ग्राहकाकडून येतो. तिथे नाही म्हणायला शिकावे लागते.

प्रश्न: लेपाची हार्डनेस कमी येते आणि कापून पाहिले तर गोल गोल कण तसेच दिसतात. करंट वाढवला तरी फरक नाही. नक्की कोणते आकडे ठेवावेत?

गोल कण म्हणजे न वितळलेले कण. आर्गॉन-हायड्रोजनवर चालणाऱ्या, ६ मिलिमीटर नोझलच्या सर्वसाधारण गनसाठी ॲल्युमिनाची सुरुवात अशी करता येते: करंट ६०० अँपिअर, व्होल्टेज ६५ ते ७०, आर्गॉन मिनिटाला ४० लिटर, हायड्रोजन १० ते १२ लिटर, पावडर मिनिटाला ३० ग्रॅम, वाहक (पावडर वाहून नेणारा) आर्गॉन ३ ते ४ लिटर, अंतर ११० ते १२० मिलिमीटर. ही शक्ती ४० किलोवॉटच्या आसपास भरते, आणि त्यातली जवळजवळ निम्मी गनच्या थंड पाण्यातून निघून जाते. तुमच्या गनच्या पुस्तकात वेगळे आकडे असतील तर तेच धरा.

पण दुखणे बहुतेक वेळा या आकड्यांत नसते. पावडर ज्वाळेच्या गाभ्यात शिरतच नसते. गाभ्याचे तापमान दहा हजार अंशांच्या वर आहे, पण कण त्यातून जेमतेम अर्धा मिलिसेकंद जातो. बाजूने निसटलेला कण कितीही करंट वाढवला तरी वितळणार नाही. वाहक वायू कमी असेल तर पावडर ज्वाळेच्या अलीकडच्या कडेवरून घसरते. जास्त असेल तर ज्वाळा ओलांडून पलीकडे जाते.

तपासणी सोपी आहे. सपाट पत्रा नेहमीच्या अंतरावर उभा करा, गन जागेवर स्थिर ठेवा आणि दोन-तीन सेकंद पावडर सोडा. पत्र्यावर छोटी टेकडी तयार होते. टेकडीचा माथा गनच्या अक्षासमोर किंवा इंजेक्टरच्या (पावडर ज्वाळेत सोडणाऱ्या नळीच्या) विरुद्ध बाजूला अगदी थोडा सरकलेला असावा. माथा इंजेक्टरच्या बाजूला राहिला तर वाहक वायू अर्ध्या लिटरने वाढवा, फार पलीकडे गेला तर कमी करा. टेकडीला दोन माथे दिसले तर इंजेक्टरचे तोंड झिजले आहे किंवा त्यावर पावडर चिकटली आहे. ही तपासणी रोज सकाळी करावी, तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे ॲनोड नोझल, म्हणजे गनचे तांब्याचे तोंड, जे आर्कचे धन टोक असते. करंट आणि वायू तेच असताना व्होल्टेज हळूहळू उतरू लागले की नोझलच्या आतला तांब्याचा पृष्ठभाग खड्ड्यांनी भरला असे समजा. अशा वेळी हायड्रोजन वाढवून व्होल्टेज पूर्ववत करण्याचा मोह होतो. मीटर बरोबर दिसतो, पण आर्क एकाच जागी टिकून खड्डा आणखी खोल करतो आणि तांब्याचे थेंब लेपात येतात. नव्या नोझलचे व्होल्टेज वहीत लिहून ठेवा. त्यापेक्षा तीन-चार व्होल्ट कमी झाले की कॅथोड (आतले ऋण टोक) आणि ॲनोड दोन्ही बदला.

कणांचा आकारही बघा. २२ ते ४५ मायक्रॉनचा पट्टा सोयीचा. १० मायक्रॉनखालची धूळ इतकी हलकी असते की ज्वाळेत शिरत नाही आणि नळीत गाठी करते. पावडर दमट वाटली तर ११० अंशांवर दोन तास पसरून वाळवा.

एक गोष्ट नेहमी उलटी वाचली जाते. ॲल्युमिनाची पावडर अल्फा या स्फटिकरूपात असते, पण वितळून झटक्यात गोठलेला भाग मुख्यतः गॅमा रूपात येतो. एक्स-रे तपासणीत अल्फाचे प्रमाण जास्त आले म्हणून खूश होऊ नका. तो बहुधा न वितळलेल्या कणांचाच पुरावा असतो. गॅमा रूप साधारण हजार अंशांच्या वर पुन्हा अल्फा होते आणि आकसून लेपाला भेगा देते, म्हणून तशा तापमानाला शुद्ध ॲल्युमिनाचा लेप योग्य नाही.

प्रश्न: ६० मिलिमीटर व्यासाच्या, २०० मिलिमीटर लांबीच्या भागावर ०.३ मिलिमीटर तयार लेप हवा आहे. पावडर किती, पास (गनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या खेपा) किती, फिरण्याचा वेग किती?

घासण्यासाठी ०.१ मिलिमीटर धरा, म्हणजे स्प्रे ०.४ मिलिमीटर. क्षेत्रफळ ३७७ चौरस सेंटिमीटर, आकारमान सुमारे १५ घन सेंटिमीटर. लेपाची घनता ३.५ धरली तर वजन ५३ ग्रॅम. निम्मी पावडर वाया जाते असे समजा, म्हणजे जॉबवर १०६ ग्रॅम. गन दोन्ही टोकांना ४० मिलिमीटर बाहेर जाऊन वळायला हवी, त्यातही पावडर जाते. हॉपरमध्ये (पावडरच्या डब्यात) १६० ग्रॅमच्या खाली भरू नका.

पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ६० मीटर घेतला तर जॉब मिनिटाला ३१८ फेरे फिरेल. प्रत्येक फेऱ्याला गन ५ मिलिमीटर सरकावी, म्हणजे मिनिटाला सुमारे १,६०० मिलिमीटर. मिनिटाला ३० ग्रॅम पावडर असताना एका पासमध्ये सुमारे १४ मायक्रॉन चढतात. २८ ते ३० पास लागतील. दर पाच-सहा पासनंतर मायक्रोमीटरने मोजा, म्हणजे निम्म्याचा अंदाज किती खरा ठरला ते तुम्हालाच कळेल. बारीक शाफ्टवर ज्वाळेचा बराच भाग बाजूने निघून जातो, तिथे निम्म्यापेक्षाही कमी धरा. गनच्या दोन्ही बाजूंना कोरड्या हवेचे झोत लावून जॉब १५० अंशांच्या आसपास ठेवा. स्टील अंशाला दहा लाखांत १२ भाग प्रसरण पावते, ॲल्युमिना ७-८ भाग, आणि ॲल्युमिनियम धातू २३. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर तापमानावरचे लक्ष दुप्पट हवे.

प्रश्न: ॲल्युमिना, ॲल्युमिना-टिटानिया (टिटॅनियम ऑक्साइड मिसळलेला ॲल्युमिना), क्रोमिया (क्रोमियम ऑक्साइड) यांत निवड कशी करायची? आणि सिलिकॉन कार्बाइड इतके कठीण असूनही त्याची स्प्रे पावडर का मिळत नाही?

विजेचा अडथळा हवा असेल तर शुद्ध ॲल्युमिना. धागा, कागद, सील यांच्या घर्षणाला १३ टक्के टिटानियाचे मिश्रण. ते थोडे मऊ असते, पण कमी ठिसूळ, वितळायला सोपे आणि घासून छान गुळगुळीत होते. टिटानिया आले की विद्युतरोधकता घटते, हे विसरून चालणार नाही. क्रोमिया सर्वांत कठीण, कठीणपणाच्या विकर्स मापावर १,२०० ते १,४०० पर्यंत. सील फेस, पंप स्लीव्ह आणि छपाईत शाई मोजून देणारे ॲनिलॉक्स रोलर यांसाठी तोच घेतला जातो. मात्र स्प्रे करताना क्रोमियाची वाफ होते आणि तिच्यात कर्करोगकारक सहा-संयुजी क्रोमियम असू शकते. बंद केबिन, जोरदार धूरशोषक आणि फिल्टर बदलणाऱ्यालाही मास्क, याशिवाय क्रोमिया हाती घेऊ नये. उष्णता अडवायची असेल तर ७-८ टक्के इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) असलेला झिर्कोनिया (झिर्कोनियम ऑक्साइड). तो झिजेसाठी वापरणे वाया.

सिलिकॉन कार्बाइडचे उत्तर सरळ आहे. साध्या दाबाला ते वितळतच नाही, त्याआधीच त्याचे विघटन होते. थेंब नाही तर चकती नाही, आणि चकती नाही तर लेप नाही. सिलिकॉन नायट्राइडचीही तीच गत. धातूचे किंवा ऑक्साइडचे आवरण दिलेले कण वापरून संमिश्र लेप करता येतो, तेव्हा बाहेरचे आवरण वितळून आतला कण धरून ठेवते. अशा संमिश्रासाठी दोन पावडरी नुसत्या डब्यात हलवून मिसळू नका. घनता वेगळी असेल तर हॉपरमध्येच त्या वेगळ्या होतात आणि लेपाच्या सुरुवातीची आणि शेवटची रचना जुळत नाही. आवरण दिलेली किंवा गोळी करून भाजलेली पावडर घ्या. दोन फीडर आणि दोन इंजेक्टरही चालतील.

टंगस्टन कार्बाइड-कोबाल्टबद्दलही दोन पत्रे आहेत. हवेतल्या प्लाझ्मात त्यातला कार्बन जळतो आणि लेप ठिसूळ होतो. त्याला एचव्हीओएफ (ऑक्सिजन-इंधनाच्या वेगवान ज्वाळेची स्प्रे पद्धत) घ्या. तिथे ज्वाळा थंड आणि वेग जास्त असतो.

प्रश्न: संरक्षक पत्र्यांवर प्लाझ्माने बोरॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना चढवून गोळी अडवता येईल का? कार्बन फायबरच्या पॅनेलवर असा लेप देता येतो का?

पहिल्या प्रश्नाला स्पष्ट नकार. गोळी अडवणारी सिरॅमिक फरशी काही मिलिमीटर जाड, भट्टीत भाजून जवळजवळ पूर्ण भरीव केलेली असते. गोळीचे टोक तिच्यावर फुटते आणि मागचा फायबरचा थर तुकडे झेलतो. स्प्रे लेप एक मिलिमीटरचा अंशच असतो, त्यात छिद्रे असतात, आणि चकत्या एकमेकींना क्षेत्रफळाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर खऱ्या अर्थाने चिकटलेल्या असतात. धक्क्याची लाट आली की तो थर पापुद्र्यांत सुटतो. बोरॉन कार्बाइड तर हवेत स्प्रे करताना ऑक्सिडाइझ होते, त्याला कमी दाबाची किंवा निष्क्रिय वायूची चेंबर लागते. संरक्षक साहित्यात प्लाझ्मा लेपाचे खरे काम धूप, घर्षण, गंज आणि ज्वाळेपासून पृष्ठभाग राखण्याचे आहे. त्या कामाला तो उत्तम.

कार्बन फायबरवर थेट ॲल्युमिना मारला तर इपॉक्सी जळते आणि उघडे पडलेले धागे ग्रिटने तुटतात. आधी कमी वितळणांकाचा धातू द्यावा, आर्क स्प्रेने (धातूची तार विजेच्या आर्कने वितळवून मारण्याच्या पद्धतीने) जस्त किंवा ॲल्युमिनियम, सुमारे १०० मायक्रॉन. ब्लास्टिंग बारीक ग्रिटने, दीड-दोन बार दाबाने, इतकेच की वरचे राळेचे कवच मॅट होईल. काळे धागे दिसू लागले तर मर्यादेच्या पुढे गेलात. त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे पॅनेल साच्यात घडवतानाच वरच्या राळेत बारीक धातूची किंवा सिरॅमिकची पावडर रुतवणे. मग ब्लास्टिंग नावापुरते उरते. वरचा सिरॅमिक पातळ, शंभर-दीडशे मायक्रॉनचा, आणि दर दोन पासनंतर थांबून पॅनेल थंड होऊ द्यायचे.

प्रश्न: आम्लाच्या पंपातली क्रोमिया लेपाची स्लीव्ह वरून ठणठणीत, पण आत गंजून लेप उचलला गेला. क्रोमियावर तर आम्लाचा परिणाम होत नाही ना?

क्रोमियावर नाही झाला, खालच्या धातूवर झाला. प्लाझ्मा लेपात काही टक्के छिद्रे असतातच आणि ती एकमेकांना जोडलेली असतात. ती बुजवणारा सीलर स्प्रेनंतर लगेच, जॉब कोमट असताना लावा. पातळ इपॉक्सी किंवा फिनॉलिक सीलर आत शोषला जातो, ग्राइंडिंगनंतर हवे तर दुसरा हात द्या. आधी ग्राइंडिंग करून मग सील केले तर कूलंट छिद्रांत बसलेले असते आणि सीलरला जागा मिळत नाही. जास्त तापमानाला ॲल्युमिनियम फॉस्फेटचा सीलर भाजून घ्यावा लागतो. जोरकस आम्लात मात्र सीलरवर विसंबू नका. खालचा धातू आणि बॉण्ड कोट दोन्ही त्या आम्लात टिकणारे निवडा. निकेल-ॲल्युमिनियम तिथे कमकुवत ठरतो.

प्रश्न: एकाच लेपाची सच्छिद्रता एका प्रयोगशाळेने ५ टक्के सांगितली, दुसरीने १४. खरे कोणाचे? आणि बंध-चाचणीत "गोंद तुटला" असा शेरा आला, म्हणजे नापास का?

१४ टक्के सांगणाऱ्यांनी नमुना कसा कापला ते विचारा. चाकाची धार लेपाकडून आत, धातूच्या दिशेने जायला हवी. उलट कापले तर लेप बाहेर ढकलला जाऊन कण उखडतात. पॉलिश करताना उखडलेल्या कणांच्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब छिद्रांसारख्या दिसतात. नमुना निर्वातात पातळ इपॉक्सीने भिजवून, मग डायमंडने घासलेला हवा. फार कमी आकडाही शंकास्पद असतो. घाण भरून छिद्रे बुजलेली असू शकतात.

बंध-चाचणी (लेपाची पकड मोजण्याची चाचणी) एएसटीएम सी ६३३ या मानकाप्रमाणे केली असेल तर एक इंच व्यासाचे दोन गोल तुकडे, त्यांतला एक लेप दिलेला, गोंदाने जोडून ओढतात. गोंद तुटला याचा अर्थ लेपाची पकड गोंदाहून जास्त आहे. अहवालात आकडा "इतक्या मेगापास्कलहून अधिक" असा लिहायला हवा. नुसत्या गोंदाचे तुकडे त्याच दिवशी ओढून त्यांचा आकडा शेजारी द्यायला सांगा. तो नेहमीच्या ७० मेगापास्कलऐवजी ३० आला असेल तर गोंद नीट भाजला गेलेला नाही आणि चाचणी पुन्हा करावी लागेल. लेपाची जाडी ०.३८ मिलिमीटरहून कमी असेल तर गोंद छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत झिरपतो आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून चाचणीचे तुकडे जॉबपेक्षा जाड स्प्रे करावे लागतात, पण ब्लास्टिंग आणि बॉण्ड कोट जॉबबरोबर, त्याच वेळी.